दोन क्रीम छटा, एक पिवळसर आणि एक किंचित लालसर: खोलीसाठी कोणती घ्यावी?

चौथी_भिंत

खोली ४ मीटर बाय ३.५ मीटर, उंची ३ मीटर. खिडकी एकच. सकाळभर तिच्यातून नुसता आभाळाचा उजेड येतो, थेट ऊन दुपारी तीननंतर. फरशी तांबूस तपकिरी, छत आणि चौकटी पांढऱ्या, भिंतींना सध्या फिकट निळा रंग आहे. दिव्यांत ६५०० केल्विनची एक पांढरी ट्यूब आणि २७०० केल्विनचे दोन पिवळे दिवे. रात्री बहुतेक पिवळेच चालू असतात.

शेडकार्डावरून गाळत गाळत दोन छटांवर गाडी अडली आहे. दोन्ही मॅट इमल्शनमध्ये, दोन्हींचा बेस (ज्यात छटेचे रंग मिसळतात तो मूळ रंग) एकच. टिंटिंग मशिनची (दुकानात छटा मिसळणाऱ्या यंत्राची) चिठ्ठी मागून घेतली, १ लिटरचं प्रमाण असं:

अ: पिवळा ऑक्साइड ४.२ मिली, काळा ०.३ मिली. एलआरव्ही (उजेड परत फेकण्याचा आकडा) ७६.
ब: पिवळा ऑक्साइड ३.६ मिली, लाल ऑक्साइड १.१ मिली, काळा ०.२ मिली. एलआरव्ही ७२.

एकेक तुकडा वेगळा पाहिला तर कोणता कुठला ते सांगता येत नाही. शेजारी ठेवले की ब जरा लालसर वाटतो, बस. एवढ्याशा फरकाने अख्ख्या खोलीत काही बदलतं का, की उगाच डोकं शिणवायचं? दुसरं म्हणजे, निळ्या भिंतीवरच दोन पट्टे मारून पाहिलं तर चालेल का? आणि एकूण रंग किती लागेल?

कुंचलेवाला

बदलतं, आणि चांगलंच बदलतं. चिठ्ठी मागितलीत हे उत्तम केलंत, कारण खरं उत्तर तिच्यातच आहे.

अ मध्ये पिवळा आणि काळा आहे, लाल अजिबात नाही. पिवळ्यात काळा मिसळला की तो नुसता गडद होत नाही, हिरव्याकडे झुकतो. कार्डावरच्या चार सेंटिमीटरच्या तुकड्यात हे जाणवत नाही. पण खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे जिथे उजेड तिरपा आणि कमी पडतो तिथे, ढगाळ सकाळी अशी क्रीम लिंबाच्या सालीसारखी हिरवट दिसू शकते. ब मधला लाल ऑक्साइड नेमका हा हिरवटपणा मारतो. म्हणून ती ‘उबदार’ वाटते. पण तोच लाल संध्याकाळी पिवळ्या दिव्यात वर येतो आणि भिंत गुलाबी वाटायला लागते.

आता तुमची फरशी. तांबूस फरशीवर ऊन पडलं की ती खालून भिंतीवर लाल उजेड फेकते. भिंतीचा खालचा हात-दोन हात भाग आणि उन्हाच्या पट्ट्यासमोरची बाजू यांवर तो सर्वांत जास्त पडतो. म्हणजे अ ला जो लाल हवा होता तो फरशी फुकट देते, आणि ब ला नको असलेला लालही तीच देते. तुमच्या खोलीत दुपारनंतर ब ची खरी परीक्षा आहे.

आणखी एक. चारही भिंतींना एकच छटा लागली की त्या एकमेकींचा उजेड परत फेकतात. पिवळ्या भिंतीवरून परतलेला पिवळा उजेड समोरच्या पिवळ्या भिंतीवर पडतो आणि रंग चढत जातो. कार्डावर ‘जरा फिकंच वाटतंय’ असा तुकडा खोलीत बरोबर उतरतो, तो याचमुळे. कोपऱ्यात हा चढ सर्वांत जास्त असतो.

निळ्या भिंतीवर पट्टे मारायचे नाहीत. निळ्याच्या शेजारी कोणतीही क्रीम आहे त्यापेक्षा जास्त पिवळी-नारिंगी दिसते. तो रंगाचा दोष नव्हे, डोळ्याचा आहे. १९व्या शतकात फ्रान्समध्ये गोबलँच्या गालिचा कारखान्यात काळ्या धाग्याच्या रंगाबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा तिथल्या रंगशाळेचे प्रमुख शेव्रल यांनी शोधून काढलं की धागा ठीक होता, शेजारचे रंग त्याला फिका पाडत होते. तुमची निळी भिंत तेच करणार. शिवाय जुन्या रंगावरचा एक हात खालचा निळा पुरता झाकत नाही, आणि क्रीममधून निळा डोकावला की पुन्हा हिरवटच.

फळ्या करा. ६० बाय ६० सेंटीच्या चार, प्रत्येक छटेला दोन. एमडीएफ चालेल, जाड गुळगुळीत पुठ्ठाही चालेल, पण पुठ्ठा दोन्ही बाजूंनी प्रायमर मारल्याशिवाय वाकडा होतो. प्रायमरचा एक हात, सुकल्यावर बारीक घासकागद, मग छटेचे दोन हात, मध्ये चार ते सहा तास. रोलरनेच मारा. ब्रशच्या रेघांची बारीक सावली पडते आणि छटा थोडी गडद वाटते. ओल्या रंगावरून काही ठरवू नका. इमल्शनमधला चिकटवणारा भाग ओला असताना दुधाळ असतो, सुकल्यावर पारदर्शक होतो, म्हणून रंग सुकताना गडद होतो. २४ तासांनीच पाहा.

एकाच छटेच्या दोन फळ्या काटकोनात जोडा, खोलीच्या आतल्या कोपऱ्यासारख्या. सपाट फळीवर जो चढ दिसत नाही तो त्या खाचेत लगेच दिसतो. चार भिंतींचं दोन फळ्यांतलं भाकीत समजा.

ल्युमेन

कुंचलेवाला यांनी रंगाची बाजू मांडली, मी उजेडाची मांडतो.

आधी ते ७६ आणि ७२. एलआरव्ही म्हणजे पडलेल्या उजेडापैकी किती टक्के परत येतो तो आकडा. ४ चा फरक मोठा वाटतो, पण डोळा सरळ रेषेत मोजत नाही. डोळ्याच्या मापाने, म्हणजे एल, ए, बी या तीन आकड्यांत रंग मोजणाऱ्या ‘लॅब’ पद्धतीतल्या एल (उजळपणा) आकड्यात, ७६ चे होतात ८९.९ आणि ७२ चे ८८. फरक दोनचाही नाही. म्हणजे ‘अ ने खोली जास्त उजळ होईल’ हा विचार सोडून द्या, तो फरक एका ट्यूबवरची धूळ पुसली तरी भरून निघेल.

खरा फरक दिशेचा आहे. समजा रंगमापकावर अ चे आकडे आले: ए १, बी १४. आणि ब चे: ए ६, बी १६. ए म्हणजे लालाकडचा ओढा, बी म्हणजे पिवळ्याकडचा. यातून रंगाचा कोन काढला तर अ जवळजवळ ८६ अंशांवर येतो, ब ६९ वर. ९० अंश म्हणजे शुद्ध पिवळा. १७ अंशांचं वळण आहे हे, आणि दोन्हींतलं एकूण अंतर साडेपाचच्या वर जातं. शेजारी ठेवून १ च्या आसपासचा फरक सरावलेल्या डोळ्याला कळतो, साडेपाच कोणालाही कळेल. पण वेगवेगळ्या वेळी पाहिलं तर कळत नाही, कारण डोळ्याला रंगाची आठवण फार कच्ची असते. तुमचा अनुभव अगदी हाच आहे. तेव्हा फळ्या नेहमी जोडीने पाहा, एक आज आणि एक उद्या असं नको.

आता दिवे. २७०० केल्विनच्या उजेडात फिकट पिवळा जवळजवळ पांढरा दिसतो, कारण डोळा त्या पिवळ्या उजेडालाच पांढरा धरून चालतो. लालसर झाक मात्र टिकते, उलट उठून दिसते. म्हणजे रात्री अ साधी मलईदार पांढरी वाटेल आणि ब ची झाक उघड होईल. ६५०० च्या ट्यूबखाली उलट: ब शांत होते, अ चा हिरवट भाग पुढे येतो. ‘छटा बदलली’ म्हणून रंगाऱ्याशी वाद होतात ते बहुतेक याच दोन दिव्यांमुळे.

दिव्याच्या खोक्यावर सीआरआयचा आकडा बघा, म्हणजे तो दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचे १०० पैकी गुण. ८० असेल तर त्या एलईडीत गडद लाल दाखवण्याची ताकद सहसा फार कमी असते, त्यासाठी आर९ नावाचा वेगळा आकडा असतो. अशा दिव्यात ब मधला लाल मेलेला दिसतो आणि तुम्ही म्हणाल ‘अरे, दोन्ही सारख्याच आहेत’. पुढे दिवा बदलला की भिंत बदलली. ९० च्या वरचे दिवे लावून मगच परीक्षा घ्या, आणि खोलीत तेच ठेवा.

पाहण्याच्या वेळा: सकाळी नऊच्या सुमारास, दुपारी चारला ऊन फरशीवर असताना, रात्री फक्त पिवळे दिवे लावून, मग फक्त ट्यूब लावून. दिवा बदलल्यावर लगेच निकाल देऊ नका. डोळा रुळायला पाच-दहा मिनिटं द्या. फळी भिंतीला टेकवून उभी ठेवा, टेबलावर आडवी ठेवली तर तिच्यावर छताचा पांढरा उजेड पडतो आणि ती खोटं बोलते.

मोबाइलचे फोटो काढून तुलना करू नका. कॅमेरा दर फोटोत पांढरा रंग स्वतःच्या मनाने ठरवतो. दोन्ही फळ्या एकाच फोटोत असतील तर निदान कोणती लालसर एवढं कळेल, त्यापुढे नाही. शेजारी छपाईचा पांढरा कागद ठेवून झाक पाहायची युक्तीही जरा जपूनच. त्या कागदात उजळवणारं रसायन असतं, दिवसाच्या उजेडात ते निळसर चमकतं आणि कुठलीही क्रीम त्याच्यापुढे जुनाट दिसते.

लांबीपुट्टी

वरचं बहुतेक पटलं. दोन-तीन गोष्टी हाताच्या कामाच्या.

नमुन्याचा डबा २०० मिलीचा घेऊ नका, १ लिटरच घ्या. चिठ्ठीत अ ला लिटरमागे काळा ०.३ मिली आहे. २०० मिलीत तो ०.०६ मिली होतो. बऱ्याच मशिनींना इतका बारीक थेंब नीट सोडता येत नाही, मग काळा एकतर जास्त पडतो नाहीतर पडतच नाही. काळा हा सर्वांत जोरकस स्टेनर, म्हणजे बेसमध्ये मिसळायचा दाट रंग. त्याचा अर्धा थेंब इकडचा तिकडे झाला की नमुना वेगळा आणि दहा लिटरचा डबा वेगळा. मग माणूस म्हणतो कंपनीने फसवलं. दोन फळ्यांना दोन हातांचे मिळून दीड चौरस मीटरसुद्धा होत नाहीत, दीडशे मिलीत काम होतं. उरलेला रंग, ती छटा ठरली तर, मोठ्या रंगात ओतता येतो.

फळीच्या कडेला पांढरी पट्टी ठेवायची की नाही यावर भांडणं होतात. माझं मत, ठेवू नका, रंग कडेपर्यंत न्या. पांढऱ्या चौकटीत क्रीम गडद दिसते. तुमच्या चौकटी पांढऱ्या आहेत, तेव्हा फळी एकदा खऱ्या चौकटीला चिकटवून पाहा, तेवढं पुरे. आणि मागे निळी भिंत दिसू नये म्हणून फळीमागे करड्या रंगाची चादर किंवा पुठ्ठा लावा. करडा कोणाच्या बाजूने बोलत नाही.

छताच्या पांढऱ्याकडेही लक्ष द्या. निळसर पांढऱ्या छताला टेकलेली अ मळकट पिवळी दिसते, जणू धुराने पिवळी पडलेली. ब ला एवढा त्रास होत नाही. छतही रंगवणार असाल तर त्यात निळसर झाक नसलेला पांढरा घ्या.

आता माप. घेर १५ मीटर, गुणिले उंची ३, म्हणजे ४५ चौरस मीटर. दार-खिडकीचे चार-साडेचार वजा करा, राहिले ४१ च्या आत. दोन हातांचे ८१ धरा. गुळगुळीत भिंतीवर इमल्शन लिटरमागे हाताला १० चौरस मीटर जातं असं धरलं तर ८ लिटर. कोपरे, रोलरने पिऊन टाकलेला रंग, पुढची डागडुजी धरून १० लिटर आणा. निळ्यावर आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात हवाच, त्याला ४ लिटर. प्रायमर वगळून ‘तिसरा हात मारू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तीन हात मारूनही निळ्याच्या जागी क्रीम थंड दिसते आणि रंग जास्त लागतो तो वेगळाच.

एकापेक्षा जास्त डबे आले तर सगळे मोठ्या बादलीत एकत्र करा, काठीने तळापासून ढवळा, मग परत डब्यांत भरा. इतक्या जवळच्या छटांत दोन डब्यांतला फरकही भिंतीच्या मधोमध रेघ होऊन दिसतो. एकत्र करायला बादली नसेल तर निदान नवा डबा कोपऱ्यापासून सुरू करा. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापाने, आणि प्रत्येक हाताला सारखं. अंदाजाने पाणी घातलं की एक भिंत पातळ, एक दाट, आणि दोष जातो छटेकडे.

शेवटचं: नमुना मॅटमध्ये बघितलात तर भिंतही मॅटच. ऐनवेळी ‘धुता येतो’ म्हणून चकाकीचा घेतला तर तोच कोड समोरून गडद आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात पांढुरका दिसतो.

चौथी_भिंत

फळ्या झाल्या. १-१ लिटर, दोन हात, एक दिवस सुकवून. निरीक्षणं:

सकाळी नऊ: अ खिडकीकडच्या भिंतीवर खरंच हिरवट, खाचेत जास्तच. समोरच्या भिंतीवर ठीक. ब दोन्हीकडे छान.
दुपारी चार: ब चा खालचा भाग उघड गुलाबी. अ इथे एकदम सुंदर.
रात्री पिवळे दिवे: अ जवळजवळ पांढरी, ब गुलाबीसर पण वाईट नाही.
ट्यूब: अ हिरवट, ब करडट.

म्हणजे दोघीही अर्धा दिवस नापास. मधली तिसरी छटा शोधू का?

कुंचलेवाला

कार्डात तिसरी शोधायला गेलात की पुन्हा पहिल्यापासून. चिठ्ठीच वापरा. दोन्हींचा बेस एकच आहे, स्टेनरही तेच, मग अ आणि ब निम्मे-निम्मे मिसळा: लिटरमागे पिवळा ३.९, लाल ०.५५, काळा ०.२५. उरलेल्या दोन नमुन्यांतून मोजपात्राने सारखे भाग घेऊन तिसरी फळी आजच करता येईल. मात्र ढवळायची कांडी आणि मोजपात्र दोन छटांच्या मध्ये धुऊन घ्या.

काळा काढून टाकायचा मोह होईल, हिरवटपणा त्यानेच येतो ना. पूर्ण काढू नका. काळा गेला की क्रीम भगभगीत पिवळी होते, चार भिंतींवर अंगावर येते. तो थोडा काळाच तिला शांत ठेवतो.

ल्युमेन

मिश्रणाला माझी हरकत नाही, पण त्याआधी ट्यूब बदला. चारपैकी एक नापास शेरा तिच्याच नावावर आहे. ४००० केल्विन, सीआरआय ९० च्या वर. मग तिन्ही फळ्या पुन्हा त्याच चार वेळांना लावा. क्रम महत्त्वाचा: आधी दिवा, मग रंग. उलट केलं तर वाईट दिव्याला जुळणारी छटा कायमची भिंतीवर बसते.

आणि दुपारच्या गुलाबी पट्ट्याला छटा हा एकमेव उपाय नाही. ऊन पडतं त्या जागी फरशीवर करडी किंवा मातकट सतरंजी टाकून एकदा पाहा, खालचा लाल निम्मा तरी उतरेल.

चौथी_भिंत

ट्यूब बदलली. मिश्रणाची फळी सकाळी खिडकीकडे हिरवट नाही, दुपारी तळाशी किंचित गुलाबी पण शोधल्याशिवाय दिसत नाही. रात्री क्रीमच दिसते. हीच घेतो. १० लिटरला मशिनवर आकडे कसे सांगायचे?

लांबीपुट्टी

दहाने गुणून: पिवळा ३९ मिली, लाल ५.५, काळा २.५. कार्डाचा कोड सांगूच नका, ‘हाताने आकडे टाका’ म्हणा, आणि बेस नमुन्याचाच, नाव चिठ्ठीवरून वाचून दाखवा. पहिला डबा मशिनवर हलवून झाला की तिथेच झाकण उघडून एक थेंब तुमच्या तिसऱ्या फळीच्या कोपऱ्यावर लावा आणि वाऱ्यावर पुरता सुकू द्या. थेंब फळीत विरघळून दिसेनासा झाला तर बरोबर. त्याचा डाग वेगळा दिसला तर उरलेल्या डब्यांना हात लावू देऊ नका, आधी तो एक दुरुस्त करून घ्या. रंगात थेंब वाढवता येतो, काढता येत नाही.

आकडे, बेसचं नाव आणि तारीख फळीच्या मागे पेन्सिलने लिहून फळी माळ्यावर ठेवा. डब्यावरचं लेबल वर्षभरात रंगाच्या ओघळाखाली जातं.